एक आढं, दोन उंबरठे: बडोद्यातल्या दुभागलेल्या वाड्यांचा इतिहास कसा वाचायचा

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी या भागांतून रमतगमत चाललं की अशी घरं हमखास दिसतात. कौलांचं छप्पर एकच, पण खाली दर्शनी भागाचे दोन रंग. डाव्या अंगाला सागवानी कोरीव हस्त (खांबाच्या माथ्यावरचे लाकडी आधार) अजून जागच्या जागी, उजव्या अंगाला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. दोन मीटर, दोन बेल, दोन तुळशी. घरात विचारलं तर एकच उत्तर मिळतं, ‘आमच्या खापरपणजोबांनी दोन मुलांसाठी म्हणून असाच बांधला.’ आणि काळ विचारला तर सयाजीरावांचा. आमच्या गावात जे जे जुनं ते सगळं सयाजीरावांच्या वेळचं असतं, त्याला इलाज नाही.

मला विचाराल तर बहुतेक वेळा हे उत्तर चुकतं. दोन मुलांसाठी मुळातच जोडून बांधलेलं घर असतं, नाही असं नाही. पण बहुतेक जोडघरं जन्मतः एकच होती, नंतर दुभागली. आणि ती एका दिवसात दुभागत नाहीत. त्याला एक क्रम असतो: आधी चूल वेगळी होते, मग जिना, मग मधली भिंत उभी राहते, आणि कागद येतो तो सगळ्यात शेवटी. कधीकधी येतच नाही. हा क्रम ध्यानात ठेवला तर अशा घराचा इतिहास बराचसा उलगडतो, आणि आज त्यातला अर्धा भाग विकायला काढला की वकिलाच्या तोंडून जे शब्द ऐकू येतात त्यांचाही अर्थ लागतो.

आधी माळ्यावर चढा

कागद शोधायला धावण्याआधी शिडी आणि बॅटरी घ्या. सगळ्यात खरं बोलतो तो माळा, कारण तिथे कुणी रंगरंगोटी करत नाही.

मधली भिंत माळ्यावर आढ्यापर्यंत गेली आहे का, ते बघायचं. आढं म्हणजे छपराची दोन पाखं जिथे मिळतात तिथलं सगळ्यात वरचं आडवं लाकूड. घर मुळात दोन बिऱ्हाडांसाठी बांधलं असेल तर भिंत जोत्यापासून निघते आणि थेट आढ्याला भिडते. नंतर घातलेली भिंत बहुधा वरच्या मजल्याच्या छतापाशीच थांबते. वर गेलात तर वासे, पाखं, सगळं सलग. बॅटरी फिरवली की काकांच्या भागातल्या जुन्या ट्रंका आणि लग्नाची पातेली दिसतात. खाली एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन घरांचा माळा वर सताड एक असतो.

दुसरी खूण खांबांची. वाड्याचं वजन भिंतींवर नसतं, लाकडी सांगाड्यावर असतं. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. विटांची भिंत ही मधल्या जागा भरण्यापुरती. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि वाड्याचा आकार खणांतच सांगायची रीत आहे. मूळच्या जोडघरात मधल्या भिंतीच्या दोन्ही अंगांना आपापले खांब असतात. नंतर दुभागलेल्या घरात मात्र एकच ओळ असते आणि ती भिंतीत गाडली जाते. माझ्या ओळखीच्या एका वाड्यात माजघराच्या भिंतीला पोपडा धरला म्हणून गिलावा खरवडला, तर आत खांब निघाला. त्याला चारी बाजूंनी तासलेली कमळाची पाकळी होती. भिंतीत पुरायच्या खांबावर कुणी सुतार पाकळ्या कोरत बसत नाही. तो खांब मोकळ्या ओसरीत, चारी बाजूंनी दिसेल असा उभा होता, एवढं त्यावरून नक्की झालं.

तिसरी खूण मालमसाल्याची. जुन्या भिंतीत पातळ विटा आणि माती किंवा चुना असतो. हिंदुस्थानात सिमेंटचं नियमित उत्पादन सुरू झालं ते १९१४ मध्ये, पोरबंदरला. त्याआधी विलायती सिमेंट येत होतं, पण घरातल्या आडभिंतीला कोण वापरणार? तेव्हा मधली भिंत सिमेंटची असेल तर ती पणजोबांच्या बापाने बांधली हे सांगणं सोडून द्यावं. कौलांचंही तसंच. मंगलोरी कौलांचा बासेल मिशनचा कारखाना १८६५ चा, आणि बडोद्याला रेल्वे आली १८६१ मध्ये. कौलावर कारखान्याचा ठसा दिसला तर छप्पर त्यानंतरचं. मात्र घर त्याहून जुनं असू शकतं, कारण नळीची देशी कौलं काढून मंगलोरी घालणं हा तेव्हाचा सर्रास उद्योग होता.

चौथी खूण पाण्याची. आजव्याच्या सरोवराचं पाणी शहरात आलं १८९२ मध्ये. त्याआधी वाड्याची विहीर एकच, म्हणून न्हाणी आणि स्वयंपाकघरही परसाकडे, विहिरीच्या जवळ. दुसरी चूल दर्शनी बाजूला किंवा वरच्या मजल्यावर सापडली तर ती बहुतेक नळ आल्यानंतरची. नळाने बडोद्यात किती एकत्र कुटुंबं वेगळी केली, याचा हिशेब खरं तर कुणीतरी मांडायला हवा.

ही माणसं कोण होती

१७३४ मध्ये बडोदं गायकवाडांच्या हाती आलं ते कायमचं. कोटाच्या आतलं जुनं शहर चौकोनी: मधे मांडवी, चार दिशांना लहरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी हे चार दरवाजे. गायकवाडांबरोबर आणि त्यांच्या मागोमाग देशावरून सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, सोनार, शिंपी असे सगळे आले. कोटाच्या आत पोळी, म्हणजे गुजराती गल्ल्यांच्या वस्त्या, आधीच भरलेल्या होत्या, त्यामुळे मराठी वस्ती बरीचशी कोटाबाहेर पसरली. रावपुरा आणि बाबाजीपुरा ही नावं दिवाण रावजी आप्पाजी आणि त्यांचे बंधू बाबाजी आप्पाजी यांच्यावरून पडल्याचं सांगतात. दोन भाऊ आणि दोन पुरे, म्हणजे वाटणी तिथेही झालीच म्हणायची.

घराच्या आकाराचा वाटणीशी थेट संबंध आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. गुजराती पोळीतलं घर अरुंद आणि खोल. रस्त्याकडे ओटला, मग खडकी, छोटा चौक, मागे खोल्या, वर मेडी. दर्शनी भाग दोन-तीन खणांचा. असं घर उभं कापता येत नाही, एकेक खणाचा बोगदा तयार होईल. म्हणून तिथे वाटणी आडवी होते, एक भाऊ खाली आणि एक वर. मराठी वाडा रुंद. दिंडी दरवाजा, चौक, चौकाभोवती सोपे, माजघर, देवघर, परस. हा उभा चिरता येतो. बडोद्यात झालंय असं की आराखडा मराठी आणि कोरीवकाम गुजराती सुतारांचं. ते कसं दिसतं हे बघायचं तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचा. त्यातल्या भित्तिचित्रांसाठी लोक जातात, आणि जावंच, पण जाल तेव्हा चित्रांवरून नजर काढून लाकडाकडेही बघा.

या घराण्यांचं उत्पन्न नेमणुकीचं, इनामाचं आणि वंशपरंपरेने चालणाऱ्या असामीचं (दरबारी जागेचं) होतं. असामी घराण्याच्या नावाने, पैसा वडील माणसाच्या हाती, म्हणून सगळी एका चुलीवर. १८७५ मध्ये सयाजीराव गादीवर आले आणि टी. माधवराव दिवाण झाले. तिथून पुढे कारभार पगारी नोकरांचा होत गेला. १८८१ मध्ये बडोदा कॉलेज निघालं. एक भाऊ शिकून सुभ्याच्या कचेरीत लागला, त्याची बदली कधी कडीला, कधी नवसारीला, कधी अमरेलीला. दुसरा घरीच राहिला, विहीर-वाडा सांभाळत. पगारवाल्याच्या बायकोने सुट्टीत आल्यावर आपली वेगळी शेगडी लावली. बोलाचाली झाली असेल, नसेल. चूल वेगळी झाली ती अशी. भांडणातूनच घरं फुटली असं आपण धरून चालतो, पण पगाराचं पाकीट हे कारण निदान तितकंच मोठं आहे.

विभक्त होणं वेगळं, वाटणी होणं वेगळं

आता जरा किचकट भाग. हा समजला की पुढचं सोपं आहे.

जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क असे. पण अमुक खोली याची, तमुक त्याची, असं काही नसतं. सगळ्यांचं सगळं. हिस्सा किती हेही ठरलेलं नसतं, एखादा जन्मला की कमी होतो आणि एखादा गेला की वाढतो. कुटुंबातल्या एकाने ‘मला वेगळं व्हायचं आहे’ हा इरादा स्पष्टपणे बाकीच्यांना कळवला की कायद्याच्या दृष्टीने तो विभक्त झाला. त्या क्षणी हिस्से गोठतात: दोन भाऊ असतील तर निम्मं-निम्मं. पण घर अजून एकच आहे. कुठली खोली कुणाची हे ठरवून, मोजून, चतुःसीमा घालून प्रत्यक्ष ताबे वेगळे करणं ही पुढची पायरी. पहिली पायरी आणि दुसरी पायरी यांत पन्नास वर्षं जाऊ शकतात. जातात.

म्हणून ‘घर कधी वाटलं गेलं’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. आजी सांगते ती तारीख चुलीची असते, गवंडी सांगतो ती भिंतीची, आणि वकील विचारतो ती कागदाची. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

यात बडोद्याची एक खास गंमत आहे. मराठी मुलखात मुख्य आधार मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाचा. गुजरातेत मात्र मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ या दोन ग्रंथांत जिथे मतभेद असेल तिथे मयूखाचा शब्द वरचढ. मग साताऱ्याहून बडोद्याला आलेल्या घराण्याला कुठला नियम? कायद्याचं तत्त्व असं की कुटुंब स्थलांतर करताना आपला कायदा बरोबर घेऊन जातं, आणि त्याने तो सोडल्याचं कुणी सिद्ध केलं नाही तर तोच चालतो. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या दोन शेजारच्या घरांत वारसाचे नियम थोडे वेगळे असू शकत होते. आणि गुजरातेत ज्यांचा शब्द चालला त्या नीलकंठ भट्टांचं घराणं मूळचं पैठणचं, काशीला जाऊन राहिलेलं.

शिवाय १ मे १९४९ पर्यंत बडोदं हे संस्थान. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत. संस्थान आपले कायदे स्वतः करी, त्यांना निबंध म्हणत. त्या दिवशी बडोदं मुंबई प्रांतात विलीन झालं, मग तिकडचे कायदे आले, आणि १ मे १९६० ला गुजरात. घर जागचं हललं नाही, पण त्याच्या एकेका कागदावर वेगळ्या सरकारचा शिक्का बसत गेला.

मधला खण, विहीर आणि काकूची खोली

वाड्याचे दर्शनी खण बहुधा विषम असतात, पाच किंवा सात, कारण दिंडी मधोमध हवी. आता पाच खण दोन भावांत कसे वाटायचे? दोन याला, दोन त्याला, मधला सामाईक. म्हणून इतक्या घरांत दिंडी आणि तिच्यामागचा बोळ दोघांचा असतो. तो बोळ झाडायचा कुणी, तिथे स्कूटर लावायची कुणी, यावर तीन पिढ्या बोलत आलेल्या असतात.

सामाईक ठेवायच्या गोष्टींची यादी फार जुनी आहे. मनुस्मृतीत वाटू नये म्हणून ज्या वस्तू सांगितल्या आहेत त्यांत पाणी आहे, आणि टीकाकारांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे येण्याजाण्याची वाटही. वाटणीपत्रांत हेच उतरतं: विहिरीवर दोघांचा वहिवाटीचा हक्क, संडासाकडे जाणारी वाट खुली, देवघर वडील भावाकडे पण कुळधर्माला धाकट्याने यायचं. काही विहिरींच्या काठावरूनच आडभिंत गेलेली दिसते, दोन बाजूंना दोन रहाट. भिंत घालणाऱ्याने विहीर कापली नाही, फक्त काठ कापला.

आणि मग असते ती खोली, जी कुणाच्याच वाट्यात धड बसत नाही. जिन्याखालची नाहीतर परसाकडची, स्वतंत्र दार असलेली, एक कोनाडा, एक खुंटी, कोपऱ्यात मोरी. घरात कुणी विधवा काकू-आत्या असेल तर तिला जुन्या कायद्यात बहुधा मालकी नव्हती, पण कुटुंबाच्या घरात राहण्याचा आणि पोटगीचा हक्क होता. म्हणून कागदात कलम येतं की अमुक खोली तिच्याकडे तहहयात, पश्चात ती अमक्याच्या हिश्शात जाईल. या खोलीवरून वाटणीचा काळ ओळखता येतो, इतकी ती बोलकी असते. नकाशात एखादा भाग भिंतीची सरळ रेषा मोडून पलीकडे घुसलेला दिसला की मी आधी हेच विचारतो की इथे कोण राहत होतं. बहुतेक वेळा उत्तर एखाद्या बाईच्या नात्याने येतं. नाव चटकन कुणालाच आठवत नाही.

आडव्या वाटणीत वेगळी पंचाईत. वरच्याचं छप्पर, खालच्याची जमीन. छप्पर गळलं तर पाणी शेवटी खाली उतरतं, मग शाकारणीचा खर्च कुणाचा? जोतं खचलं तर वरचा मजला हलतो, मग ते भरायचं कुणी? जुन्या चांगल्या वाटणीपत्रात हे लिहिलेलं असतं. जिथे नाही, तिथे वाईट वाटणीपत्र नव्हे, भाऊ चांगले होते असं समजावं. त्यांना लिहायची गरज वाटली नाही. त्रास झाला तो नातवांना.

कागद

मिळतील ते कागद साधारण असे: जुनं खरेदीखत किंवा सनद, गहाणखत, वाटणीपत्र, फारखत, आणि सिटी सर्वेचं प्रॉपर्टी कार्ड. फारखत म्हणजे एकाने पैसे किंवा दुसरी मिळकत घेऊन ‘माझा आता काही हक्क उरला नाही’ असं लिहून देणं.

जुने कागद मोडीत, काही गुजरातीत, काही दोन्हींत. मोडी वाचणारे बडोद्यात अजून आहेत, आणि कोठी भागातल्या सरकारी दफ्तरात गायकवाडी कागदांचा मोठा साठा आहे. मोडी येत नसेल तरी निदान सनावळी लावायला शिकावी. एकाच गावात तीन-तीन कालगणना चालत. शके असेल तर ७८ किंवा ७९ मिळवायचे. संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा करायचे, आणि गुजरातेत संवत दिवाळीनंतर बदलतो हे विसरायचं नाही. सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे, आणि तो आकड्यांत नाही, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘तिसा सितैन मयातैन व अलफ’ म्हणजे नऊ, साठ, दोनशे आणि हजार: १२६९. म्हणजे १८६८-६९. शके १७९० आणि कार्तिकात सुरू होणारा संवत १९२५ हेही तेच दिवस. अशी तारीख निघाली की कळतं, हा कागद खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीतला. सयाजीरावांचा तेव्हा पत्ताच नव्हता.

प्रॉपर्टी कार्डावर विभाग, टिका नंबर आणि सिटी सर्वे नंबर असतो. टिका म्हणजे सर्वेच्या नकाशाचा तुकडा. जोडघराचा एकच सर्वे नंबर असून त्यावर दोन्ही शाखांची नावं एकाखाली एक चढत गेली असतील, तर सरकारच्या लेखी घर अजून एक आहे. दोन नंबर पडले असतील तर कुणीतरी कधीतरी मोजणी करून घेतली, आणि त्या नोंदीची तारीख मोलाची आहे. पण एक पक्कं लक्षात ठेवावं की कार्डावर नाव असणं म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ती सर्वेची आणि महसुलाची नोंद. मालकी खतावरून आणि वारसावरून ठरते.

तोंडी वाटणी चालते का, हा प्रश्न प्रत्येक जोडघरात विचारला जातो. चालते. हिंदू कायद्यात वाटणीला कागद लागतच नाही. घोळ होतो तो नंतर लिहिलेल्या कागदाचा. ‘आमची वाटणी अमक्या साली झाली, ती अशी’ असं लिहून ठेवलं तर ती नुसती याद, नोंदणी सक्तीची नाही. पण त्या कागदानेच वाटणी घडत असेल, ‘आजपासून हा भाग तुझा’ अशी भाषा असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो नोंदवावाच लागतो. नाहीतर कोर्टात वाटणीचा पुरावा म्हणून तो उभा राहत नाही. क्रियापदाचा काळ चुकला म्हणून वर्षानुवर्षं चाललेले दावे आहेत.

बहिणी

आतापर्यंत भाऊ, भाऊ, भाऊ असंच चाललं होतं. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्शात मुलीला वाटा दिला, पण त्याच कायद्याचं कलम २३ राहत्या घराबद्दल होतं. राहतं घर कुटुंबातल्या पुरुष वारसांच्या वहिवाटीत असेल, तर ते स्वतः वाटायचं ठरवेपर्यंत मुलीने वाटणी मागायची नाही. राहायचा हक्क होता, तोही मुलगी अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी राहणारी असेल तर. म्हणजे काकूची खोली कायद्याने पुढे चालू ठेवली, एवढंच. जोडघरं पन्नास वर्षं भिंतीने दुभागलेली पण कागदावर एक राहिली, त्यामागे हे कलम बऱ्यापैकी आहे. वाटलंच नाही तर बहीण मागणार कसं?

२००५ मध्ये हे कलम गेलं, आणि त्याच दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं काही नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या मोडायच्या नाहीत, आणि तसं झालं असं म्हणणाऱ्याने नोंदवलेलं वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा दाखवायचा. तोंडी वाटणी सहजी मान्य व्हायची नाही, तिला पक्का सार्वजनिक दस्तऐवजी आधार लागेल. त्यामुळे झालं काय, की ज्यांच्या आजोबांनी ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणून भिंत घातली, त्यांना आज ती भिंत खरी वाटणी होती हे सिद्ध करावं लागतं. आणि ज्या आत्या चाळीस वर्षं पाहुण्यासारख्या येत होत्या, त्यांच्याकडे आज सही मागायला जावं लागतं. मला यात काही वाईट दिसत नाही.

सांगाडा वाटत नाही

कागद वाटता येतो, भिंत घालता येते, तुळई मात्र सलगच राहते. जोडघर पडतं ते बहुधा याच कारणाने. एका शाखेने जुनं पाडून आरसीसी बांधायचं ठरवलं की गवंडी मधल्या भिंतीपाशी तुळई कापतो. दुसऱ्या भागातलं तुळईचं टोक आता भिंतीतल्या पातळ विटांवर बसतं, आणि त्या विटा वजन घ्यायला घातलेल्याच नव्हत्या. शिवाय आतापर्यंत पलीकडच्या वजनाने तोललेला सांगाडा एका अंगाने मोकळा होतो. पहिल्या पावसाळ्यात दरवाजे अडकायला लागतात. दुसऱ्यात महापालिकेची जर्जर घराची नोटीस चिकटते.

बरोबर रीत अशी: कापण्याआधी दुसऱ्या बाजूने तुळईखाली टेकू द्यायचे, मधल्या भिंतीलगत स्वतंत्र पायावर नवा खांब उभा करून टोक त्यावर घ्यायचं, कड्या एकमेकींना बांधून घ्यायच्या, आणि मगच करवत. आढं कापलं की दोन पाख्यांचं पाणी कुठे जाणार, पन्हळ कुणाच्या हद्दीत, हेही आधी ठरवायचं. सुखाधिकाराच्या १८८२ च्या कायद्यात अखंड २० वर्षं वहिवाटलेला उजेड, वारा, वाट यांचं रक्षण आहे, आणि एकत्र मिळकत वाटली जाताना ज्या सोयींशिवाय एखादा हिस्सा वापरताच येत नाही त्या त्याच्यासोबत जातात. तेव्हा ‘माझा भाग, मी काहीही करीन’ हे जिन्याला, गटाराला आणि पाख्याला लागू पडत नाही. खाली दुकानाचा भाडेकरू असेल तर आणखी एक गाठ: मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याची परंपरा गुजरातेत चालू राहिली, त्यामुळे कित्येक घरांत भाडं नगण्य आणि ते घेणाऱ्या भागाची दुरुस्ती शून्य. तांबेकर वाड्यासारख्या संरक्षित वास्तूच्या १०० मीटरच्या आत नवं बांधकामच बंद, दुरुस्तीलाही परवानगी लागते.

अर्धा भाग विकायचा झाला तर

इथे इतिहासाला एकदम भाव येतो. घर अजून अविभक्त मानलं गेलं आणि एका भावाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की त्या बाहेरच्याला घरात येऊन सगळ्यांबरोबर राहता येणार नाही. त्याने वाटणीचा दावा लावायचा. आणि दावा लावला की १८९३ च्या वाटणी कायद्याचं कलम ४ घरातल्या माणसाला संधी देतं: तो हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला मीच घेतो, असं तो म्हणू शकतो. घर मात्र आधीच रीतसर, ताब्यांसकट वाटलेलं असेल तर यातलं काहीच लागू नाही. विकणारा आपल्या भागाचा पूर्ण मालक, शेजारी भाऊ हा फक्त शेजारी.

म्हणून विकणारा म्हणतो वाटणी कधीच झाली, आणि राहणारा म्हणतो झालीच नाही. दोघंही त्याच मधल्या भिंतीकडे बोट दाखवतात. एक तिची जाडी दाखवतो, दुसरा तिचं माळ्यावरचं मोकळं टोक. कोर्ट मग दोन मीटर कधी बसले, घरवेरा (घरपट्टी) दोन पावत्यांनी कधीपासून भरला जातो, दुरुस्तीचा खर्च कुणी केला, असले बारीक बारीक कागद एकत्र करून बघतं. जुन्या पावत्या रद्दीत घालू नयेत त्या यासाठी.

विक्री ठरली तरी बडोद्यात एक टप्पा उरतो. जुन्या शहराचे बरेच भाग १९९१ च्या अशांत धाऱ्याखाली, म्हणजे दंगलग्रस्त भागांतल्या मिळकतींच्या विक्रीवर बंधन घालणाऱ्या गुजरातच्या कायद्याखाली येतात, आणि तिथे मिळकत विकायची तर आधी कलेक्टरची परवानगी. अर्ज दिला की चौकशी होते आणि शेजाऱ्यांचे जबाब घेतले जाऊ शकतात. जोडघराचा सगळ्यात जवळचा शेजारी कोण, ते सांगायला नको.